डाव्या स्टिअरिंगची जीप, मागे ट्रेलर आणि शेजारी मी

"ज्याला ट्रेलर सरळ मागं घेता येतोय, त्यालाच ही जीप मिळंल."

माझे सासरे, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात, हे वाक्य १९९६ च्या फेब्रुवारीत आमच्या अंगणात उभे राहून बोलले. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, शाळेत शिकवत होते आणि लग्नाला दोन वर्षं झाली होती. साताऱ्याबाहेर रहिमतपूर रोडला आमचं घर. अंगणात जीप, जीपला जोडलेला दोनचाकी ट्रेलर, आणि या दोघांमुळे वाळवणाला जागा उरत नाही म्हणून रोज बोलणाऱ्या सासूबाई.

या ब्लॉगवर मी बऱ्याच सहली लिहिल्या. जुन्या जीपला ट्रेलर लावून लांब जायचं असेल तर काय काळजी घ्यावी, असं अधूनमधून कुणीतरी विचारतं. मी हुक तपासा, साखळी लावा, वळणावर ब्रेक मारू नका, एवढं लिहून मोकळी होते. खरं उत्तर त्या चार दिवसांत आहे. ते आजवर लिहिलं नव्हतं. आज लिहिते, कारण उद्या मला अण्णांना काहीतरी विचारायचं आहे.

अण्णा फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर लिलावातून त्यांनी ही जीप आणि ट्रेलर एकत्र घेतले, आणि चार महिने खपून चालते केले. जीप पेट्रोलची, ताडपत्रीच्या टपाची, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. स्टिअरिंग डावीकडे. ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरचा पत्र्याचा चौकोनी हौदच. पण अण्णांचा डावा गुडघा दुखायला लागला होता आणि तिचा क्लच दाबायला चांगला जोर लागायचा. माझा नवरा, रमेश, नोकरीला पुण्यात. शनिवार-रविवार घरी यायचा आणि जीपकडे बघायचाही नाही. "विका एकदाची," एवढंच म्हणायचा. शेवटी अण्णांनी मनावर घेतलं. दोन गिऱ्हाइकं होती, एक कासेगावजवळचे शेतकरी, दुसरे मिरजेचे डॉक्टर. गाडी दाखवायला सासूबाईही सोबत जाणार होत्या, पण त्यांनी ऐनवेळी कंबर धरली.

"सूनबाईला न्या. तिला सुट्टी हाय शाळंची," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आन् गाडी इकूनच या. तशीच परत आणली तर दार उघडायची न्हाई मी."

सकाळी सहाला निघालो. ट्रेलरमध्ये वळकटी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, पेट्रोलचे दोन डबे आणि सासूबाईंनी दिलेला भाकरी-चटणीचा डबा. गाडी लिटरला सहा-सात किलोमीटर द्यायची, म्हणून डबे जवळ ठेवायचेच. वेग चाळीस. त्यापुढे गेलं की ट्रेलर मागे नाचायला लागतो.

आता त्या हायवेवरून जाणाऱ्यांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा तो साधा दुपदरी रस्ता होता. दोन्ही बाजूंना वडाची झाडं, आणि समोर एकामागे एक, ओझ्यानं आमच्याहूनही हळू चालणारे ट्रक. डावीकडे स्टिअरिंग असलं की ट्रकच्या पुढचं काही दिसत नाही. ते दिसतं उजवीकडे बसलेल्याला. त्यामुळे ओव्हरटेक करायचं की नाही हे शेजारच्यानं सांगायचं आणि चालवणाऱ्यानं त्यावर विश्वास ठेवून गाडी बाहेर काढायची. मला हे माहीत नव्हतं. नागठाण्याच्या आसपास अण्णांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"एक एस.टी. येतेय वाटतं अण्णा, पण लांब आहे बहुतेक."

"वाटतं न्हाई, बहुतेक न्हाई. मोकळं का बंद, एवढंच सांगायचं."

"बंद."

एस.टी. धाडकन गेली. पुढे रस्ता रिकामा दिसला.

"मोकळं!" मी इतक्या जोरात ओरडले की ट्रकच्या क्लीनरनं डोकं बाहेर काढून बघितलं. अण्णांनी गाडी बाहेर काढली. माझ्याकडे न बघता, क्षणभरही न थांबता. सासरी आल्यापासून भाजीत मीठ किती, पाहुणे आल्यावर चहा कितीदा, हे सगळं मी विचारून करत होते. आणि इथे हा माणूस माझ्या एका शब्दावर आम्हा दोघांचा जीव सोपवत होता. कराडपर्यंत माझा घसा बसला, पण मान ताठ झाली होती.

कराडला मिसळ खाल्ली आणि दहाच्या सुमाराला कासेगावजवळच्या संपतरावांच्या वस्तीवर पोहोचलो. संपतराव मोठे ऊसवाले. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी बॉनेटवर थाप दिली. "लय ब्येस हाय. वरातीला लावली की झालं काम."

अण्णांनी अट सांगितली. गोठा आणि कडब्याची गंजी यांच्या मधून ट्रेलर सरळ मागे न्यायचा. तीन संधी.

संपतराव हसले. "आवं अण्णा, मी कारखान्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून मागं घेतोय. ह्यो डबडा काय चीज!"

ते बसले आणि ट्रॅक्टरच्या सवयीनं त्यांनी स्टिअरिंगला भरपूर वळण दिलं. उसाची ट्रॉली लांब असते, ती हळूहळू वळते. आमचा आखूड ट्रेलर एका झटक्यात आडवा झाला आणि त्याचा कोपरा गंजीत घुसला.

"आयला, ही फिरली की!"

"तुमची ट्रॉली म्हातारी बाई हाय, वळायला येळ घेती," अण्णा म्हणाले. "ही पोरगी हाय. नुसतं बघितलं तरी फिरती."

तिसऱ्या खेपेला गोठ्यातली म्हैस दावं तोडून उठली. संपतराव घाम पुसत उतरले, पण दिलदार माणूस. गुऱ्हाळातली गुळाची एक ढेप त्यांनी ट्रेलरमध्ये ठेवली. "अण्णा, गाडी नगं, पर गूळ तरी न्या." आणि मला हळूच म्हणाले, "वैनी, सासऱ्याला सांगा, अशानं ती जल्मात इकायची न्हाई."

मला आतून बरं वाटलं. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मुक्काम शिराळ्याला, सासूबाईंच्या बहिणीकडे. पेठ नाक्यावरून आत वळलं की रस्ता अरुंद होतो, पण डोंगराकडे जाताना फार देखणा आहे. नागपंचमीला या गावात पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत मात्र बाजाराचं मैदान ओस पडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बघून मी अण्णांना म्हटलं, "मी बघू का मागे घेऊन?"

ड्रायव्हिंग क्लास केला होता, लायसन्स होतं, पण माहेरच्या कारपलीकडे काही चालवलं नव्हतं. अण्णा उतरले आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "हो तिकडं."

तासभर मी त्या ट्रेलरशी भांडले. उजवीकडे न्यायला गेले की तो डावीकडे. घाबरून उलटं फिरवलं की अजून डावीकडे. शेवटी बाजाराच्या दगडी ओट्यावर आदळून ट्रेलरचा मागचा दिवा फुटला. मी रडायच्या बेतात होते. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि लाल काचा एकेक करून टोपीत वेचल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. मग जवळ येऊन म्हणाले,

"स्टिअरिंग वरनं धरू नगंस. खालनं धर, एका हातानं. आता जिकडं हात न्हेशील, तिकडं ट्रेलर जाईल. आन् थोडं थोडं. चपाती लाटतीस तसं."

तुम्हाला कधी ट्रेलर मागे घ्यायचा असेल, तर एवढंच लक्षात ठेवा. खालून धरा, हात जिकडे हवा तिकडे, आणि थोडं थोडं. त्या सकाळी शेवटच्या पाच मिनिटांत तो दहा-बारा पावलं सरळ गेला. मग पुन्हा आडवा झाला. पण ती दहा पावलं मला आजही पाठीत आठवतात.

तिथून इस्लामपूर, आष्टा, सांगली. हळद काढणीचे दिवस होते. शेताशेतात मोठ्या कढयांत हळद शिजत होती आणि वाफेचा उग्र वास टपाखाली घुसत होता. आष्ट्याच्या पुढे मागून खडखड ऐकू आली. अण्णा थांबून बघतात तर ट्रेलर जीपला अडकवायच्या कडीला बारीक चीर गेलेली. पुढे वीसच्या वेगानं, कसंबसं कुपवाडला.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दस्तगीर मिस्त्रींचा लेथचा कारखाना होता. एक शेड, दोन मशिनं, दारात कामगारांच्या दुचाक्या. ते आणि अण्णा फौजेत एकाच तुकडीत होते. त्यांनी कडी बघितली, चष्मा कपाळावर चढवला आणि वेल्डिंगला लावली. आमच्या प्रवासाचं कारण आणि अट ऐकून पोट धरून हसले.

"अण्णा, गाडी इकाय निघालाय का पोरगी उजवाय? इतक्या अटी तर माझ्या सासऱ्यानं पण घातल्या न्हाईत!"

"घातल्या असत्या तर तू नापास झाला असतास," अण्णा म्हणाले.

मिस्त्रींनी फुटलेल्या दिव्याकडे बोट केलं. "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. "मागे घेताना."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. "मंग गिऱ्हाईक शेजारी बसवूनच हिंडताय की."

"ती घरची हाय," अण्णा म्हणाले.

"मंग? घरच्याला इकायची न्हाई असा काय कायदा हाय का?"

अण्णा वेल्डिंग होऊन निवलेली कडी हातात घेऊन उगाच उजेडात फिरवत राहिले. मी दुसरीकडे बघितलं. कारण आता मला नक्की कळलं होतं की मला ही जीप हवी आहे. आणि मागायची सोय नव्हती. सुनेनं काय काय मागावं याची जी काही यादी तेव्हा लोकांच्या मनात असायची, तिच्यात डाव्या स्टिअरिंगची जीप नव्हती.

ईद होऊन चार दिवस झाले होते, तरी मिस्त्रींच्या घरी भाभींनी आमच्यासाठी पुन्हा शेवया केल्या. राहिलो तिथेच.

तिसऱ्या दिवशी मिरज. सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून गेलो. दारांत भोपळे टांगलेले, कोवळ्या उन्हात एक म्हातारे कारागीर तारा जुळवत बसले होते. अण्णांनी गाडीचा आवाज त्यांना नको म्हणून इंजिन बंद केलं आणि उतारावरून जीप नुसती सोडली.

डॉक्टरांचा बंगला मोठा, माणूस अगदी सभ्य. त्यांनी बॉनेट उघडून इंजिन बघितलं आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न बरोबर होता. अट ऐकून ते म्हणाले, "प्रयत्न करतो. कॉलेजात असताना मामांच्या जीपला ट्रेलर होता."

दोन लिंबाच्या झाडांमधून मागच्या शेडपर्यंत जायचं होतं. ते बसले. उजवा हात स्टिअरिंगच्या खाली गेला. ट्रेलर असा सरळ गेला, जसं कुणी दोरी लावून ओढतंय. एका दमात, एका खेपेत. मी मनातल्या मनात म्हणत होते, चुकू दे, झाडाला लागू दे. परक्या, भल्या माणसाचं वाईट चिंतत मी तिथे उभी होते, आणि त्याची आजही लाज वाटते.

अण्णा म्हणाले, "जमलं की तुमाला." आवाज नेहमीचाच होता, पण हात शर्टाच्या खिशाशी गेला. किल्ली तिथे असायची, बुटाच्या नाडीत ओवलेली.

चहा आला. व्यवहाराचं बोलणं सुरू झालं. डॉक्टर खुशीत होते. "जीपला नवा रंग देतो. रविवारी सांगलीपर्यंत एक फेरी. आणि ट्रेलरची तुम्ही काळजी करू नका, त्याला इथे गेटपाशी ठेवून त्यात गुलाब लावू. फार शोभेल."

अण्णांनी कप खाली ठेवला. "गुलाब?"

"हो. चाकं काढून विटांवर बसवला की झालं."

"डॉक्टरसायेब, ती दोघं बरोबरच आल्यात फौजेतनं. एक चालणार आन् एक मातीत बसणार, हे न्हाई जमायचं."

डॉक्टर समजूतदार होते. रागावले नाहीत, उलट फाटकापर्यंत पोहोचवायला आले. अण्णांनी त्यांना दोनदा नमस्कार केला. गाडी मिरजेच्या बाहेर काढली. मग एकदम, "गुलाब लावतोय म्हनं!" आणि मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

ती रात्रही मिस्त्रींकडेच काढली आणि चौथ्या दिवशी परतीला मुद्दाम दुसरा रस्ता धरला. तासगाव, विटा, पुसेसावळी, रहिमतपूर. रस्ता खराब, वाहनं कमी, आणि ट्रेलरवाल्याला तेच बरं. सांगलीत भडंग घेतलं होतं. तासगावला द्राक्षांची एक पेटी घेतली आणि खात खात विट्यापर्यंत संपवली. पुसेसावळीच्या पुढे अण्णांचा गुडघा सुजला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि वळसा घालून माझ्या बाजूला आले. शिराळ्यासारखंच. फक्त या वेळी मी विचारलं नव्हतं.

मी चालवत होते आणि अण्णा उजवीकडून सांगत होते. "बंद. बंद. आता मोकळं." माझ्यासारखे ओरडत नव्हते. हलकेच, जप केल्यासारखं.

दुपारी घरी पोहोचलो. सासूबाई अंगणात कुरडयांच्या खाटेजवळ उभ्या होत्या. "इकली न्हाई व्हय?"

"न्हाई."

"आवं, मग कशाला चार दिस पेट्रोल जाळलं?"

अण्णा फाटकाशी उतरले. आमच्या फाटकाचे दगडी खांब जवळजवळ आहेत. तिथून ट्रेलर मागे घ्यायचा तो फक्त अण्णांनी. ते खांबाला टेकून उभे राहिले, हाताची घडी घातली आणि म्हणाले, "लाव आत."

"अगं, माझ्या कुरडया!" सासूबाई खाटेपुढे आडव्या झाल्या.

पहिल्यांदा ट्रेलर डाव्या खांबाकडे गेला. पुढे घेतला. दुसऱ्यांदा उजव्या. पुन्हा पुढे. अण्णांनी खूणसुद्धा केली नाही. मी हात खाली नेला. थोडं, थोडं. आरशात एक खांब दिसला, मग दुसरा, मग सासूबाईंचं हिरवं लुगडं मोठं मोठं होत आलं, आणि त्या "बास! बास की गं!" म्हणून ओरडल्या. ट्रेलर खाटेपासून दोन हातांवर, अगदी सरळ उभा होता.

अण्णा घरात गेले. गाडीचं आर.सी. बुक घेऊन बाहेर आले, त्यावर खिशातली किल्ली ठेवली आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "तिसऱ्या खेपंला जमलं. तीनच संधी दिल्या हुत्या सगळ्यांना."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "चार दिस हिंडून गिऱ्हाईक घरातलंच आणलं म्हना की!" पण रात्री जेवताना त्यांनी माझ्या ताटात गुळाचा खडा ठेवला, संपतरावांच्या ढेपेतला.

त्यानंतर आम्ही खूप हिंडलो. रमेश कधीतरी मागे बसायचा, मग मुलं बसायला लागली. जीप आणि ट्रेलर अजूनही एकत्र आहेत, अंगणात अजूनही वाळवणाला जागा नाही. कडी मिस्त्रींनी केलेलीच आहे. ते आता नाहीत.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. त्या दुपारी किल्ली माझ्या हातात दिल्यावर अण्णा पुन्हा कधीच डावीकडे बसले नाहीत. गुडघ्याचं नंतर ऑपरेशन झालं, पाय बरा झाला, तरी नाही. गाडी धुतात, ग्रीस भरतात, सुरू करायची असली तर मला हाक मारतात. मी आग्रह केला की म्हणतात, "दिली म्हंजी दिली." मला जीप मिळाली एवढंच मी बघत राहिले. त्यांनी आपली बसायची जागाच मला दिली होती, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा माझे स्वतःचे केस पांढरे व्हायला लागले होते.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मोतीबिंदू काढल्यावर लांबचं छान दिसतं, जवळचं कमी. उद्या सकाळी आम्हाला मळ्यात जायचं आहे. आपलाच रस्ता, कच्चा, रिकामा, फाटकापासून विहिरीपर्यंत. उत्तर मला पाठ आहे. तरी मी किल्ली त्यांच्यापुढे धरून विचारणार आहे: अण्णा, आज तुम्ही डावीकडे बसता का? मी उजवीकडे बसते. मोकळं का बंद, ते मी सांगते.